अमेरिकेचे नागरी हक्क कायदे आणि पडद्यामागील सल्लागार

२ जुलै १९६४ रोजी सायंकाळी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली. एका स्वाक्षरीसाठी त्यांनी सत्तरहून अधिक पेने वापरली आणि ती उपस्थितांना आठवण म्हणून वाटली. या प्रसंगाच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात जॉन्सन यांच्या मागे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग उभे असलेले दिसतात. उपाहारगृहे, हॉटेले, चित्रपटगृहे, शाळा आणि नोकऱ्या यांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा हा कायदा या दोन नावांशी जोडला गेला आहे आणि ते योग्यच आहे. मात्र विधेयक राज्यघटनेच्या कोणत्या तरतुदीवर उभे करायचे हे कोणी ठरविले, विरोधी पक्षाच्या नेत्याला कोणी वळविले, सिनेटमधील मते कोणी मोजली आणि अध्यक्षांच्या तोंडून देशाने जे शब्द ऐकले ते कोणी लिहिले, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी छायाचित्राच्या चौकटीबाहेर पाहावे लागते.

हॅरिस वॉफर्ड, लुई मार्टिन, बर्क मार्शल, निकोलस कॅट्झेनबॅक, लॅरी ओब्रायन, ली व्हाइट, रिचर्ड गुडविन ही त्यांपैकी काही नावे. यांतील बहुतेक जण वकील होते आणि त्यांपैकी कोणीही त्या काळी निवडणूक जिंकून पदावर आलेले नव्हते. त्यांच्या कामाची माहिती प्रामुख्याने बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालय आणि ऑस्टिन येथील जॉन्सन ग्रंथालय यांतील टिपणे, नंतरच्या काळात ध्वनिमुद्रित केलेल्या त्यांच्या मुलाखती आणि दोन्ही अध्यक्षांनी गुपचूप केलेली संभाषणांची ध्वनिमुद्रणे यांवरून मिळते. या साधनांतून उभे राहणारे चित्र सर्वस्वी गौरवाचे नाही. याच मंडळींनी कायदे घडविले आणि त्याआधी दोन वर्षे ते लांबणीवर टाकण्याचा सल्लाही याच मंडळींनी दिला.

एक दूरध्वनी

या कथेचा आरंभ १९६० च्या निवडणूक प्रचारापासून करणे सोयीचे ठरते. १९ ऑक्टोबर १९६० रोजी अटलांटा येथील एका मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात केलेल्या ठिय्या आंदोलनात डॉ. किंग यांना अटक झाली. इतर आंदोलक सुटले, परंतु वाहन परवान्याच्या एका जुन्या किरकोळ खटल्यातील शर्तीचा भंग केल्याच्या कारणावरून जॉर्जियातील न्यायाधीशांनी किंग यांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली आणि त्यांना रीड्सव्हिल येथील राज्य तुरुंगात हलविण्यात आले. दक्षिणेतील तुरुंगात कृष्णवर्णीय कैद्याचे काय होऊ शकते, याची त्या काळी सर्वांनाच कल्पना होती. किंग यांच्या पत्नी कोरेटा त्या वेळी गर्भवती होत्या.

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केनेडी यांच्या प्रचार यंत्रणेत नागरी हक्कांचा विभाग सांभाळणाऱ्या वॉफर्ड आणि मार्टिन यांना वाटले, की उमेदवाराने कोरेटा यांना केवळ धीराचे दोन शब्द सांगावेत. वॉफर्ड यांची पार्श्वभूमी वेगळी होती. तरुणपणी ते पत्नीसह भारतात येऊन राहिले होते, गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी अभ्यास केला होता आणि भारतावरील या दांपत्याचे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे वॉशिंग्टनमधील हॉवर्ड या प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. गौरवर्णीय विद्यार्थ्यासाठी ही त्या काळी जवळजवळ अश्रुतपूर्व गोष्ट होती. किंग यांच्याशी त्यांचा जुना परिचय होता. मार्टिन हे कृष्णवर्णीय वृत्तपत्रसृष्टीत वाढलेले पत्रकार. आपले नाव छापून येऊ नये याची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतली.

या दोघांची सूचना केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांनी शिकागो विमानतळाजवळच्या हॉटेलात केनेडींच्या कानावर घातली. तीही इतर सहाय्यक खोलीबाहेर जाण्याची वाट पाहून, कारण दक्षिणेतील गौरवर्णीयांची मते गमावण्याच्या भीतीने त्यांनी नक्कीच विरोध केला असता. केनेडींनी तत्काळ दूरध्वनी केला. संभाषण दोन मिनिटेही चालले नसावे. बातमी फुटताच उमेदवाराचे बंधू आणि प्रचारप्रमुख रॉबर्ट केनेडी वॉफर्ड व मार्टिन यांच्यावर संतापले. मात्र त्यानंतर त्यांनी स्वतःच संबंधित न्यायाधीशांना दूरध्वनी केला आणि किंग यांची सुटका झाली. वृत्तपत्रांनी या घटनेला फारसे महत्त्व दिले नाही. मार्टिन आणि वॉफर्ड यांनी निळ्या कागदावर एक पत्रिका छापून घेतली. तिच्या सुमारे २० लाख प्रती मतदानाच्या आदल्या रविवारपर्यंत देशभरातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पोहोचल्या. केनेडी ही निवडणूक सुमारे १ लाख १३ हजार मतांच्या फरकाने जिंकले. या पत्रिकेमुळेच जिंकले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु केनेडींवर कृष्णवर्णीय मतदारांचे ऋण आहे ही जाणीव या विजयाबरोबर व्हाइट हाऊसमध्ये आली, एवढे निश्चित.

लेखणीचा फटकारा

ऋण फेडण्याची वेळ आली तेव्हा मात्र सल्ला सावधपणाचा मिळाला. ३० डिसेंबर १९६० च्या टिपणात वॉफर्ड यांनीच नव्या अध्यक्षांना सुचविले, की काँग्रेसकडून कमीत कमी कायदे मागावेत आणि कार्यकारी अधिकारात जास्तीत जास्त कृती करावी. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. तिच्यातील महत्त्वाच्या समित्यांची अध्यक्षपदे ज्येष्ठतेच्या नियमाने दक्षिणेतील डेमोक्रॅटिक सदस्यांकडे होती. सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड होते आणि नागरी हक्कांचे विधेयक त्यांच्या समितीकडे जाणे म्हणजे विहिरीत पडण्यासारखेच होते. शिवाय अध्यक्षांची इतर विधेयके या सदस्यांच्या मतांवर अवलंबून होती.

गणित म्हणून हा सल्ला चूक नव्हता. त्यातून काही पदरातही पडले. ६ मार्च १९६१ च्या कार्यकारी आदेशाने सरकारी कंत्राटदारांवर नोकरीत भेदभाव न करण्याचे बंधन घातले. या आदेशाच्या मसुद्यावर हात फिरविताना हॉबर्ट टेलर या कृष्णवर्णीय वकिलाने त्यात ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ हा शब्दप्रयोग घातला. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘अफर्मेटिव्ह’ या दोन शब्दांमध्ये निवड करताना, आद्याक्षरांचा अनुप्रास साधतो म्हणून आपण दुसरा शब्द घेतला, असे त्यांनी पुढे सांगितले. मराठीत ‘सकारात्मक कृती’ म्हणताना तो अनुप्रास हरवतो. ज्या संज्ञेवरून अमेरिकेत पुढे अनेक दशके खटले चालले, तिचा जन्म असा कानाला गोड लागण्याच्या निकषावर झाला. (भारतीय घटनेतील आरक्षणाशी तिची सांगड सहज घातली जाते. परंतु १९६१ च्या आदेशात राखीव जागांचा उल्लेखही नव्हता.)

दुसरीकडे, सरकारी मदतीच्या घरांमधील भेदभाव आपण लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवू, असे केनेडींनी प्रचारात सांगितले होते. तो फटकारा महिनोन्महिने लांबला, तेव्हा नाराज नागरिकांनी व्हाइट हाऊसकडे टपालाने पेने पाठविण्यास सुरुवात केली. तो आदेश अखेर २० नोव्हेंबर १९६२ रोजी, म्हणजे मध्यावधी निवडणुका सुरळीत पार पडल्यावर निघाला. तोपर्यंत वॉफर्ड ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक संघटनेच्या कामासाठी इथियोपियाला निघून गेले होते. अध्यक्षांच्या सल्लागाराला चळवळीचा मित्र असणे परवडत नाही, हे त्यांना उमगले होते. रॉबर्ट केनेडी यांनी न्याय खात्यातील नागरी हक्क विभागाचे प्रमुखपद त्यांना दिले नाही, त्याचे कारणही या प्रश्नात त्यांचे मन फार गुंतलेले आहे, असेच दिले गेले.

मितभाषी वकील

ते पद मिळाले बर्क मार्शल यांना. मार्शल मक्तेदारीविरोधी कायद्याचे जाणकार होते. नागरी हक्कांचा खटला त्यांनी चालविला नव्हता आणि चळवळीशी त्यांचा संबंध नव्हता. ते इतके मितभाषी होते, की ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख विधी अधिकारी झालेल्या रॉबर्ट केनेडींशी त्यांची पहिली भेट बहुतांशी शांततेतच पार पडली, असे सांगितले जाते. या शांत माणसाने पुढील चार वर्षांत जे केले ते पाहता, वॉफर्ड यांना डावलण्याचा निर्णय व्यवहाराच्या कसोटीवर बरोबर ठरला, असे म्हणावे लागते. वॉफर्ड यांच्यावर अन्याय झाला, हेही तितकेच खरे.

मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसगाड्यांमधील वर्णभेदाला आव्हान देणाऱ्या ‘फ्रीडम रायडर’ तरुणांवर अलाबामात हल्ले झाले. २० मे रोजी मॉन्टगोमेरी येथे एका तरुणीला जमावातून सोडवू पाहणारे रॉबर्ट केनेडींचे सहाय्यक जॉन सायगेनथेलर डोक्यावर आघात होऊन बेशुद्ध पडले. सल्लागाराला रस्त्यावरच्या वास्तवाची किंमत अशी अंगावर मोजावी लागल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. त्यानंतर न्याय खात्याने नवा कायदा मागण्याऐवजी आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे अर्ज केला आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून बसस्थानकांवरील ‘गोऱ्यांसाठी’ आणि ‘काळ्यांसाठी’ या पाट्या बेकायदा ठरल्या. व्यापाराच्या नियमनाच्या अधिकारातून वर्णभेदावर प्रहार करता येतो, हा धडा मार्शल यांच्या उपयोगी पडणार होता.

मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात शाळकरी मुलांच्या मोर्चांवर पोलिसांनी कुत्री सोडली आणि अग्निशामक दलाच्या नळ्यांमधून पाण्याचा मारा केला. ही छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. मार्शल शहरात दाखल झाले. किंग आणि गौरवर्णीय व्यापारी यांना एका टेबलाशी बसणे अवघड जात होते. मार्शल दोन्ही बाजूंकडे फेऱ्या घालत राहिले. १० मे रोजी समझोता झाला. दुसऱ्याच रात्री किंग यांच्या बंधूंच्या घरावर आणि किंग उतरत असलेल्या मोटेलवर बॉम्ब पडले. शहरामागून शहरात असेच समझोते करत बसणे अशक्य आहे आणि आता कायद्यावाचून गत्यंतर नाही, हा निष्कर्ष घेऊन मार्शल वॉशिंग्टनला परतले.

व्हाइट हाऊसमध्ये या निष्कर्षाचे स्वागत झाले नाही. विधेयक पाठवू नये असेच तेथे बोलणाऱ्या जवळपास प्रत्येकाचे मत होते, असे मार्शल यांनी नंतर नमूद केले. काँग्रेसशी संपर्काची जबाबदारी असलेले ओब्रायन यांना मते दिसत नव्हती. रॉबर्ट केनेडी आणि मार्शल मात्र ठाम राहिले. एक अनपेक्षित सल्ला उपाध्यक्षांकडून आला. सिनेटचे अनेक वर्षांचे अनुभवी नेते असूनही जॉन्सन यांना या चर्चांपासून दूर ठेवण्यात आले होते. ३ जून १९६३ रोजी अध्यक्षांचे भाषणलेखक थिओडोर सोरेन्सन यांच्याशी झालेल्या दीर्घ दूरध्वनी संभाषणात त्यांनी ही नाराजी बोलून दाखविली आणि दोन गोष्टी सुचविल्या. विधेयक पाठविण्यापूर्वी विरोधी पक्षाच्या नेत्यांशी बोलून जमीन तयार करावी आणि हा प्रश्न कायद्याचा नव्हे तर नीतीचा आहे, असे अध्यक्षांनी स्वतः देशाला सांगावे. हे संभाषण ध्वनिमुद्रित झालेले असल्याने त्याबद्दल शंका उरत नाही.

११ जून रोजी अलाबामा विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडविण्यासाठी उभे राहिले, तेव्हा सरकारच्या वतीने त्यांच्यासमोर डेप्युटी ॲटर्नी जनरल कॅट्झेनबॅक होते. दुसऱ्या महायुद्धात विमान पाडले जाऊन शत्रूच्या कैदेत राहिलेला हा धिप्पाड वकील त्या दिवशी देशाने प्रथमच पाहिला. त्याच रात्री केनेडींनी दूरचित्रवाणीवरून भाषण केले. सोरेन्सन यांनी ते अवघ्या काही तासांत लिहिले होते आणि शेवटचा भाग अध्यक्षांनी उत्स्फूर्तपणे बोलून पूर्ण केला. त्यानंतर काही तासांतच मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याची घरासमोर हत्या झाली. विधेयक १९ जून रोजी काँग्रेसकडे गेले.

समानता की व्यापार

विधेयकाच्या मसुद्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय सामान्य वाचकाला रूक्ष वाटेल असा होता. खासगी मालकीच्या उपाहारगृहाला, कोणाला वाढावे हे सरकार कोणत्या अधिकाराने सांगणार? नैसर्गिक उत्तर होते कायद्यापुढील समानतेची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती. परंतु १८७५ चा असाच एक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्दबातल केला होता. ती घटनादुरुस्ती राज्य सरकारांना लागू होते, खासगी व्यक्तींना नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. म्हणून मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भर आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या काँग्रेसच्या अधिकारावर दिला. हॉटेलात परराज्यातील प्रवासी उतरतात, उपाहारगृहातील मांस परराज्यातून येते, आणि म्हणून तेथील भेदभाव हा व्यापारातील अडथळा होय.

मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न मांस आणि खाटांच्या हिशेबावर तोलला जातो, याचा अनेकांना विषाद वाटला आणि तो समजण्यासारखा आहे. पण कायदा टिकला तो याच हिशेबावर. १४ डिसेंबर १९६४ रोजी अटलांटातील ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेल आणि बर्मिंगहॅममधील ‘ओलीज बार्बेक्यू’ या उपाहारगृहाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा वैध ठरविला. दुसऱ्या खटल्यातील उपाहारगृहाचे गिऱ्हाईक बहुतांशी स्थानिक होते. निर्णायक ठरले ते बाहेरच्या राज्यातून आलेले मांस.

पिक्वा ते सिनेट

जुलै १९६३ च्या सुरुवातीस मार्शल ओहायो राज्यातील पिक्वा या छोट्या गावी गेले. तेथे विल्यम मॅककलॉक यांचे वकिलीचे कार्यालय होते. मॅककलॉक प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीतील रिपब्लिकन पक्षाचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार नगण्य होते, त्यामुळे या विधेयकातून त्यांना मिळण्यासारखे काहीच नव्हते. त्यांनी दोन अटी घातल्या. प्रतिनिधीगृहात मंजूर झालेले विधेयक सिनेटमध्ये त्यांच्या संमतीशिवाय पातळ करायचे नाही आणि श्रेय दोन्ही पक्षांना द्यायचे. यापूर्वी १९५७ आणि १९६० मध्ये सिनेटमध्ये तडजोडी होऊन कायदे दुबळे झाले होते, तो अनुभव त्यांच्या मनात होता. केनेडी सरकारने अटी मान्य केल्या. या एका भेटीचे महत्त्व अनेक मोर्चांइतके होते, असे म्हटल्यास मोर्चेकऱ्यांचा अवमान होऊ नये. मोर्चे नसते तर ही भेटच झाली नसती. १९७१ मध्ये मॅककलॉक यांनी निवृत्तीची घोषणा केली तेव्हा जॅकलिन केनेडी यांनी त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले.

याच उन्हाळ्यातील दुसरी बाजूही नोंदवायला हवी. किंग यांचे निकटचे सहकारी स्टॅनली लेव्हिसन यांचे साम्यवाद्यांशी संबंध असल्याचा संशय एफबीआयने घेतला होता. त्यांच्याशी संबंध तोडावेत, असा निरोप जूनमध्ये किंग यांना देणाऱ्यांत मार्शल होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये रॉबर्ट केनेडींनी किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास एफबीआयला मंजुरी दिली. ज्या खात्यात कायद्याचा मसुदा होत होता, त्याच खात्याने चळवळीच्या नेत्यावर पाळत ठेवली होती.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींची हत्या झाली. नव्या अध्यक्षांच्या निवासस्थानी झालेल्या बैठकीत एका सल्लागाराने, हरणाऱ्या लढाईत पद पणाला लावू नका, असे सुचविले. मग अध्यक्षपद कशासाठी असते, असा प्रतिप्रश्न जॉन्सन यांनी केला. २७ नोव्हेंबर रोजी काँग्रेससमोर त्यांनी या विधेयकाला अग्रक्रम देण्याचे आवाहन केले. प्रतिनिधीगृहाने १० फेब्रुवारी १९६४ रोजी २९० विरुद्ध १३० मतांनी ते मंजूर केले. ईस्टलंड यांच्या समितीला वळसा घालून सिनेटने ते थेट कार्यसूचीवर घेतले.

सिनेटमधील ‘फिलिबस्टर’ या प्रथेला मराठीत नेमका शब्द नाही. मतदान होऊच नये म्हणून अमर्याद भाषणे करत राहणे, असा तिचा अर्थ. ती थांबविण्यासाठी तेव्हा दोन तृतीयांश म्हणजे ६७ मते लागत आणि नागरी हक्कांच्या कोणत्याही विधेयकावर असा चर्चाबंदीचा ठराव तोवर एकदाही मंजूर झालेला नव्हता. एवढी मते मिळतील यावर खुद्द जॉन्सन यांचा विश्वास नव्हता. कॅट्झेनबॅक यांनी सदस्यांच्या नावांची यादी घेऊन एकेका मताचा हिशेब मांडला. ही मते रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्क्सन यांच्यावाचून मिळणार नव्हती. सभागृहात विधेयकाची धुरा ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे होती, तर मे महिन्यात डर्क्सन यांच्या कार्यालयात कॅट्झेनबॅक, मार्शल आणि सिनेट सदस्यांचे सहाय्यक ओळीमागून ओळ तपासत बसले. तक्रार आधी राज्याच्या यंत्रणेकडे जावी, ॲटर्नी जनरलने भेदभावाची सरसकट पद्धत आढळल्यासच न्यायालयात जावे, असे बदल झाले. मुख्य तरतुदींचा गाभा शाबूत राहिला, म्हणजेच पिक्वाचा शब्द पाळला गेला. शब्दरचनेतील अनेक बदल डर्क्सन यांना ‘हे माझे विधेयक’ म्हणता यावे, एवढ्यासाठीच होते.

१० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड यांनी १४ तास १३ मिनिटांचे भाषण संपविले. त्यानंतर चर्चाबंदीचा ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला. मेंदूच्या कर्करोगाने वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकांच्या खुर्चीतून आणण्यात आले होते. इंग्रजीत होकारार्थी ‘आय’ आणि डोळा यांचा उच्चार एकच. त्यांनी डोळ्याकडे बोट दाखवून मत दिले. सात आठवड्यांनी त्यांचे निधन झाले.

सेल्मा आणि एक सूत्र

मतदानाच्या हक्काचे काम १९६४ च्या कायद्याने अर्धवटच केले होते. त्या वर्षाच्या अखेरीस जॉन्सन यांच्या सूचनेवरून कॅट्झेनबॅक यांनी २८ डिसेंबर रोजी एक टिपण सादर केले. त्यात त्यांची पहिली पसंती घटनादुरुस्तीला होती. वय, अल्प वास्तव्य, गंभीर गुन्ह्यातील शिक्षा आणि मनोरुग्णता यांखेरीज कोणतीही अट राज्यांना मतदारावर लादता येऊ नये, अशी. घटनादुरुस्तीला वेळ लागतो आणि राज्यांची संमती लागते, म्हणून कायद्याचे पर्यायही दिले होते.

७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथील पुलावर शांततापूर्ण मोर्च्यावर झालेल्या लाठीहल्ल्याने सावकाश विचार करण्याची मुभा संपविली. १५ मार्चच्या रात्री नऊ वाजता जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. भाषण लिहिण्याचे काम गुडविन यांच्याकडे त्याच दिवशी सकाळी आले होते. १९२८ मध्ये टेक्सासमधील कोटुला गावात गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकविल्याची जॉन्सन यांची आठवण त्यांनी त्यात गुंफली आणि चळवळीच्या गीताचे ध्रुवपद अध्यक्षांच्या तोंडी घातले. दक्षिणेच्या एका राज्यातून आलेल्या अध्यक्षांनी ते शब्द उच्चारले, याचा परिणाम मोठा झाला.

कायद्याची खरी ताकद मात्र एका सूत्रात होती. न्याय खात्याच्या वकिलांनी कोणत्याही राज्याचे नाव घेतले नाही. १ नोव्हेंबर १९६४ रोजी जेथे मतदार नोंदणीसाठी साक्षरतेसारखी चाचणी होती आणि जेथे निम्म्याहून कमी प्रौढांनी नोंदणी किंवा मतदान केले होते, त्या प्रदेशांना मतदानविषयक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागेल, एवढेच म्हटले. या चाळणीतून अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया ही राज्ये व नॉर्थ कॅरोलायनाचा बराच भाग बरोबर सापडला. आधी कोणते प्रदेश हवेत हे ठरवून मग त्यांना लागू पडेल असे सूत्र शोधले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. ६ ऑगस्ट १९६५ रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण कायद्यापूर्वी ६.७ टक्के होते. १९६७ मध्ये ते ५९.८ टक्क्यांवर पोहोचले.

साउथ कॅरोलायनाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये फेटाळले. त्या खटल्यात प्रतिवादी म्हणून कॅट्झेनबॅक यांचेच नाव आहे. काँग्रेसने कायद्याला वेळोवेळी मुदतवाढ दिली. सूत्र अद्ययावत करण्याचा राजकीयदृष्ट्या अवघड विषय मात्र २००६ च्या मुदतवाढीतही टाळला गेला. २५ जून २०१३ रोजी ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे सूत्र घटनाबाह्य ठरविले. चार दशकांपूर्वीच्या आकडेवारीवरून आजच्या राज्यांना वेगळी वागणूक देता येणार नाही, हे त्याचे कारण. पूर्वपरवानगीची तरतूद कागदावर राहिली, पण ती लागू करण्यासाठी प्रदेशच उरले नाहीत. टेक्सासने त्याच दिवशी मतदार ओळखपत्राचा आपला अडलेला कायदा अमलात आणण्याची घोषणा केली.

मार्टिन यांचे १९९७ मध्ये आणि मार्शल यांचे २००३ मध्ये निधन झाले होते. या निकालाच्या सुमारे वर्षभर आधी, ८ मे २०१२ रोजी, कॅट्झेनबॅकही गेले. पेन्सिल्व्हेनियाचे सिनेट सदस्य म्हणूनही काम केलेले वॉफर्ड २०१९ पर्यंत हयात होते. त्यांचे निधन २१ जानेवारी रोजी झाले. तो दिवस त्या वर्षी किंग यांच्या स्मरणार्थ असलेल्या राष्ट्रीय सुटीचा होता.